लागू न पडलेली

कुपीवरचा चौकोन काळा होता… नखाएवढा, भोवतीच्या वर्तुळाइतकाच काळा. उष्णता लागली की तो असा काळा पडतो, मग ती लस टोचायची नाही, हे गावची नर्स नेलिदा गावातल्या आयांना एकोणीस वर्षं सांगत आली होती. ही गोवराच्या लसीची कुपी मात्र रिकामी होती. मंगळवारी तिनं ती नऊ पोरांना टोचली होती, चौकोनाकडे न बघता — की बघितलं होतं, आणि घाईनं त्यावर बोट ठेवलं होतं?

अहवालात एकच शब्द लिहायचा : निष्प्रभ. तालुक्याला तेवढा पुरतो. गावात तो कुणी वापरत नाही. इथं म्हणतात, लागू पडलं नाही. काढा लागू पडत नाही, नवस लागू पडत नाही, दारुड्या नवऱ्याला पाद्र्याचा दम लागू पडत नाही… आणि म्हणताना कुणी कुणाला दोष देत नाही, खांदे उडवतात फक्त. मला उडवता येतील? खालच्या खोऱ्यात गोवर आलाय.

गेल्या रविवारी कार्मेनमाईचा सण होता. त्याआधी सातुर्निना जेलीचे ऐंशी पेले घेऊन आली होती. गावात फ्रिज एकच, लसींचा. "माईचं काम आहे, कोमाद्रे, नाही म्हणू नकोस!" सातुर्निनाच्या लेकीची, यानेतची, धर्ममाता नेलिदा, म्हणून दोघी एकमेकींच्या कोमाद्रे; त्या नात्यात नाही म्हणता येत नाही. पेल्यांच्या गर्दीत दार दोन दिवस नीट लागलंच नाही.

"कोमाद्रे!" सातुर्निना दारात होती, हातात उकडलेल्या बटाट्यांचं गाठोडं. "पोरीला ताप नाही की रडणं नाही. काही म्हणजे काही झालं नाही बघ! खालच्या गावची नर्स टोचते तर दंड सुजतो. तुझा हातच हलका."

नेलिदानं कुपी मुठीत घेतली. काही म्हणजे काही झालं नाही…

"अशी काय बघतेस? खा की गरम गरम. उद्या यानेतला घेऊन खालच्या बाजाराला निघालेय. आता कसली भीती!"

नवी कुपी गुपचूप मागवता आली असती, तालुक्याचा हुकूम आहे सांगून पुन्हा टोचता आलं असतं — पण गाडी येणार पुढच्या आठवड्यात, आणि बाजार उद्या.

"कोमाद्रे, बस जरा."

सातुर्निना हसतच बसली. इतका वेळ नेलिदा अहवालाला भीत होती. आता तिला त्या हसण्याची भीती वाटली, ते अजून तसंच होतं म्हणून. तिनं मूठ उघडली नव्हती. पण गप्प बसणंही आता लागू पडणार नव्हतं.