काकांची शिट्टी

प्रयोगशाळेतल्या उंदरांना दाणे घालायला काका शिट्टी वाजवत यायचे. ती ऐकली की भाऊसाहेब नावाचा पांढरा उंदीर जाळीला नाक लावून उभा राही. एकदा तिथं संशोधन करणाऱ्या मॅडमनी ती शिट्टी कौतुकानं मोबाईलवर टेप करून घेतली. काका आठवडाभर हवेत होते.

मग भाऊसाहेब पंधरा दिवस मॅडमच्या खोलीत राहून आले. काकांनी शिट्टी वाजवली, तर ते कोपऱ्यात दगडासारखे बसले.

"मॅडम, याला झालंय काय?"

"मेंदूच्या पेशी वाढवणारं प्रथिन दिलंय, काका. त्यानं शिकणं पक्कं होतं, भीतीसुद्धा. आवाज ऐकवून दोनदा विजेचा झटका दिला, लगेच शिकला! हुशार आहे हो तुमचा भाऊसाहेब."

"आवाज कसला?"

मॅडम चष्मा पुसू लागल्या. "जुना विश्वास किती लवकर पुसता येतो, तेच बघायचं होतं ना... पण शोधनिबंधात तुमचा उल्लेख केलाय हं!"

उल्लेख होता. साधनांच्या यादीत, पिंजरा आणि वायर यांच्या मधे.

काकांनी ओठ घट्ट मिटून दाणे ठेवले. ते दाराबाहेर जाईपर्यंत भाऊसाहेब जागचे हलले नाहीत.