ओढ्यापलीकडचा मकुकिन्यो

मंगळवारी पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटांनी ओढ्यापलीकडून नर मकुकिन्यो बोलला. पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या दोना जुसेलियाने वहीत वेळ टिपली. दहा दिवसांतली ही पहिलीच नोंद.

मकुकिन्यो हा पक्षी मुठीत मावेल एवढा. पाठ राखाडी, पोट पांढरं. उडायचा त्याला कंटाळा; ओल्या पाचोळ्यातून उंदरासारखा पळतो. दिसत नाही, फक्त ऐकू येतो. ब्राझीलच्या दक्षिण बाहियातल्या या रानात एकच जोडी उरली होती. नर-मादी दोघंही हयात असल्याची नोंद शनिवारपर्यंत झाली नाही, तर रान तोडायला परवानगी मिळणार होती.

"अर्धं रान तर वाचलं!" तिचा वाटाड्या वाल्दोमिरो म्हणाला. "आता तरी हसा की, दोना. दात काय उसने आणलेत?"

"गप. मोजतेय."

आवाज अकरा सेकंद चालला, थांबला, पुन्हा अकरा सेकंद.

"घड्याळ लावून गातोय लेकाचा."

जिवंत नर असा मापून गात नाही. तिसऱ्या खेपेला सुराच्या शेवटी बाईचा खोकला आला.

"तुम्ही खोकलात?"

"आत्ता नाही. मागच्या ऑगस्टमध्ये. हे माझं रेकॉर्डिंग आहे."

हद्दीत दुसरा नर घुसलाय असं वाटलं की मकुकिन्यो, नर असो की मादी, थेट आवाजावर धावून जातो. म्हणून ती हे रेकॉर्डिंग बाहेरच्या कुणाला देत नसे.

ते ओढा ओलांडून गेले तोवर पलीकडे शांत झालं होतं. मऊ मातीत काठ्या रोवल्याची दोन भोकं होती. मधलं नेचं कापलेलं. जाळं काढून नेलेलं; कापलेल्या नेच्यावरून ते घोट्याएवढ्या उंचीवर लावलं असावं.

"पाखरांचं जाळं इतकं खाली कोण लावतं?" वाल्दोमिरोने विचारलं.

"हा पक्षी माहीत असलेला माणूस. रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. आणि तुझ्या फोनवर."

"असं बघू नका हो. मी कुणाला दिलं नाही, आईची शपथ!" मग वहीकडे बोट करत तो म्हणाला, "नोंद राहू द्या ना. तुमचा खोकला कोण ओळखणार?"

"खोटी एक सापडली तर खरीही कुणी मानणार नाही." तिने ओळ खोडली.

बुधवारी सहा वाजून दोन मिनिटांनी मादीने अलीकडच्या काठावरून एकदा हाक दिली. एकटीची नोंद पुरत नाही. तिला नराचं उत्तर आलं नाही.

गुरुवारी रेकॉर्डिंग पुन्हा वाजलं, या वेळी अलीकडच्या काठावर, मादीच्या बाजूला. वाल्दोमिरो त्या दिवशी कामावर आला नव्हता.

शुक्रवारी पहाटे पाचपासून सातपर्यंत दोन्ही काठांवर काहीच ऐकू आलं नाही.