प्रशांत मरत नाही

"गेलो! गेलो रे बापडो सुपरवायझराचो हात!" बाबली माइकवर किंचाळला आणि पत्र्याच्या शेडमधली सत्तर माणसं बाकांवरून उसळली.

टीव्हीवर तुटलेला हात छताच्या पंख्याला लटकून गरगर फिरत होता. रक्ताचं कारंजं भिंतीवरून वर चढलं होतं. शाळेच्या गणवेशातली एक पोरगी करवत घेऊन हसत उभी होती आणि हात गेलेला माणूस मरायचं सोडून आपली चप्पल शोधत होता.

सिनेमा जपानी. डिचोलीच्या खाणींची लाल माती बार्जमधून मुरगावला आणि तिथून जहाजाने जपानला जायची. जहाजांवरच्या खलाशांकडून कधीमधी या कॅसेटी त्याच वाटेने उलट्या यायच्या. भाषा कुणालाच कळत नव्हती, म्हणून बाबली. मूळचा भेडशी गावचा. एकेकाळी दशावतारात राक्षस व्हायचा. आता आठवडाभर ठेकेदाराचे टिपर धुवायचा आणि रविवारी दुपारी सगुणच्या या पत्र्याच्या व्हिडिओ पार्लरमध्ये सिनेमा सांगायचा. सकाळी एकट्याने कॅसेट बघून घ्यायची आणि पात्रांना खाणीवरल्या माणसांची नावं वाटायची. ज्याचं मुंडकं उडे, तो आठवडाभर मिरवे. सुपरवायझर गोकुळदाससुद्धा पहिल्या बाकावर बसून स्वतःचे हातपाय तुटताना पोट धरून हसायचा.

नियम एकच. तो टिपर ड्रायव्हर प्रशांतने घातलेला.

"माका कायव कर. हात काप, आतडी भायर काढ. पण मारू नको हां. घरात बाईल आसा."

म्हणून नायक म्हणजे प्रशांत. हात तुटला की खुंटाला ड्रिल मशीन बसवून लढणारा, स्वतःच्याच आतड्याने चौघांना बांधून टाकणारा. शेवटी नायक मेलाच, तर बाबली आयत्या वेळी ओरडायचा, "अरे, ह्यो प्रशांत नव्हेच! ह्यो तेचो भाव!" आणि शेड हसून कोसळायची.

त्या रविवारी प्रशांतला जाऊन पंधरा दिवस झाले होते.

प्रशांतची बायको कमल दाराशी उभी होती. बायका तिथे येत नसत. सिनेमा सुरू होण्याआधीच तिने बाबलीला गाठलं होतं.

"भावजी, आज तेंचा नाव घेशात?"

"वैनी, ह्यो हसाचो धंदो..."

"लोक म्हणतत, दारू पियान गाडी चलवी होते. पंचनाम्याच्या कागदार पण तसाच लिवलेला आसा. तुमच्या तोंडात तरी तेंचा नाव बरा आसता."

बाबलीने मान खाली घालून कॅसेट आत सारली होती.

रक्त फार झालं की लोक ओरडत, "उलटी फिरव!" मग बाबली कॅसेट चित्रासकट मागे न्यायचा. भिंतीवरलं रक्त अंगात शिरे, हात उडत येऊन खांद्याला बसे. पंधरा दिवस त्याच्या डोक्यात तेच चाललं होतं. प्रशांत उठून बसतो. टिपर खड्ड्यातून पाठमोरा वर चढतो. सांडलेली माती हौद्यात परत. गोकुळदासचे शब्द तोंडात परत: एक खेप मार, मागीर पळोवया, म्हणजे नंतर बघू. प्रशांत पाठमोरा चालत बाबलीपाशी येतो. बाबलीच्या हातात रॉकेलचं फडकं. आणि पुसून लख्ख केलेल्या मागच्या चाकावर ब्रेकचं तेल पुन्हा उमटतं. काळं, ओघळणारं, कुणालाही दिसेल असं.

तिथे कॅसेट अडकायची.

त्याने पुसलं होतं, कारण पुसणं हेच त्याचं काम होतं. खेपेला जाणारी गाडी स्वच्छ हवी. अपघातानंतर पंच धुण्याच्या जागेवर आले, तेव्हा तिथे डागही उरला नव्हता.

"प्रशांत इलो!" बाबलीने माइकवर हाक दिली.

माणसं एकमेकांकडे बघू लागली. मग मागून एक शिट्टी आली, पाठोपाठ टाळ्या.

नायक हातगाडीवर उभा राहून उतारावरून सुसाट सुटला होता. दोन्ही बाजूंची मुंडकी नारळांसारखी पडत होती.

"ब्रेक लागनत नाय!" बाबली नायकाच्या आवाजात ओरडला.

हशा.

"सकाळीच सांगितलंय, त्याल गळता! सुपरवायझर म्हणालो, एक खेप मार!"

हशाने पत्रे वाजले. गोकुळदासने सवयीने मांडीवर थाप मारली. हात मग तिथेच राहिला.

"आणि धुणाऱ्यान ता त्याल पुसल्यान! ह्या, ह्या हातांनी!"

लोक डोळे पुसत होते. "पुरे रे बाबल्या, मरतंव आमी!"

कमल तेवढी हसत नव्हती. ती टीव्हीकडे नाही, बाबलीकडे बघत होती.

बाबलीने माइक खाली ठेवला. पडद्यावर जपानी आरडाओरडा चालू राहिला आणि कुणालाच काही कळेना.

"आवाज खंय गेलो रे?" कुणीतरी विचारलं.

मंगळवारी बाबली आणि कमल अपघाताच्या चौकशीच्या कचेरीत गेली. कारकून दत्ताराम पानं चाळत होता. बाबलीला बघताच त्याचा चेहरा उजळला.

"अरे, तूं तो फिल्मांवालो न्हय? आयतारा आशिल्लों हांव थंय. ब्रेक लागनत नाय! कितें हांसलों रे बाबा!" रविवारच्या खेळाला तोही शेडमध्ये होता. त्याने पलीकडच्या टेबलावरच्यांनाही हाक मारली.

दोघंतिघं आले, टेबलाला टेकून उभे राहिले.

"साक्ष लिवची आसा," बाबली म्हणाला. "मागच्या डाव्या चाकाक ब्रेकाचा त्याल गळत होता. मी पुसलंय. प्रशांतान गोकुळदासाक सांगितल्यान. तो म्हणालो, एक खेप मार."

कुणीतरी खुदकन हसलं. दत्ताराम पेन उघडून, हसऱ्या तोंडाने, पुढच्या वाक्याची वाट बघत होता.

"लिवा," बाबली म्हणाला.

त्याने तेच पुन्हा सांगितलं. सावकाश, हात न हलवता, राक्षसाचा नाही, नायकाचा नाही, अशा एका आवाजात, जो त्या खोलीत कुणीच कधी ऐकला नव्हता. कमल बाकावर बसून पेनाच्या टोकाकडे बघत होती.

ते अजून कागदाला टेकलं नव्हतं. बाबलीने तिसऱ्यांदा सुरुवात केली.