एकवीस विहिरींचं पाणी

गिरीज गावच्या बागायतदार मंडळाने आदल्या वर्षीच्या मेळाव्याला पुण्याहून एक वक्ते आणले होते. त्यांनी दीड तास उसावर व्याख्यान दिलं. गिरीजमध्ये ऊस दिसतो तो रसवाल्याच्या गाडीवर. शेवटी अध्यक्ष हरिश्चंद्र राऊत यांनी कुणाला काही विचारायचंय का म्हटल्यावर दोनशे माणसं छताच्या पंख्याकडे बघत बसली. वक्त्यांना शाल, नारळ आणि मानधन मिळालं. मंडळाच्या वाट्याला जांभया आल्या.

यंदा, म्हणजे त्र्याऐंशी साली, क्लेमेंटीन तुस्कानो मंडळाची चिटणीस झाली. ती शाळेत शिकवायची आणि तिला फुकट गेलेला तास सहन व्हायचा नाही. पहिल्याच बैठकीत तिने सांगून टाकलं की जेवायला बोलावलेल्या पाहुण्यालासुद्धा आपण आधी विचारतो, तिखट चालतं का म्हणून; मग पैसे देऊन आणलेल्या वक्त्याला आपलं काय दुखतंय ते सांगायला लाज कसली?

लाज होतीच. गावातल्या विहिरी खारट होत चालल्या होत्या. केळीच्या पानांच्या कडा करपत होत्या, पानवेली माना टाकत होत्या, आणि जो तो म्हणायचा, यंदा ऊन फार. विहीर खारी झाल्याचं बाहेर फुटलं की बागायती वाडीची किंमत उतरते आणि सोयरिकी जुळवताना माणसं कुजबुजतात. झाकली मूठ सव्वा लाखाची.

क्लेमेंटीनच्या घरीही मूठ झाकलेलीच होती. तिचा नवरा मार्सेल पहाटेपासून संध्याकाळपर्यंत विहिरीवर पाण्याचं इंजिन लावायचा आणि खारं पाणीच बागेला पाजायचा. शेवटी कंटाळून तो तुळिंजला इमारती बांधणाऱ्या एका बिल्डरकडे जाऊन आला. सोमवारी शब्द द्यायचा होता. वाडी विकणं क्लेमेंटीनला मान्य नव्हतं. तिने मार्सेलकडून एवढंच मागून घेतलं होतं की रविवारचा मेळावा होऊ दे, एकदा जाणत्या माणसाला विचारू.

पण विचारणार कसं? चारचौघांत उठून विचारणं म्हणजे आपणच आपली विहीर वेशीवर टांगणं. मग तिला शाळेतली परीक्षा आठवली. तिथे पेपरवर नाव नसतं, नंबर असतो. तिने घरोघरी निरोप दिला की औषधाच्या रिकाम्या बाटलीत आपल्या विहिरीचं पाणी आणा, डब्यातून एक नंबर उचला, बाटलीवर चिकटवा आणि नंबर कुणाला सांगू नका. एकवीस बाटल्या जमल्या. तिच्या हाताला नऊ लागला. केळीच्या टोपलीत पेंढा भरून तिने त्या मुंबईला यंदाचे वक्ते डॉ. उकिडवे यांच्याकडे नेऊन पोचवल्या. आयुष्य भूजलाच्या अभ्यासात घालवलेले ते गृहस्थ टोपलीकडे बघतच राहिले. भाषणाआधी हार मिळतो हे त्यांना ठाऊक होतं, गृहपाठ पहिल्यांदाच मिळत होता.

रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर शाळेचं सभागृह भरलं. डॉक्टरांनी लिहून आणलेलं भाषण पिशवीतून काढलंच नाही. फळ्यावर एक ते एकवीस आकडे लिहिले आणि खाऱ्या निघालेल्या एकेकापुढे फुली मारत गेले. नऊपुढे फुली पडली तेव्हा क्लेमेंटीनला वाटलं, वाडी गेलीच. पण फुल्या थांबेचनात.

"तीन विहिरी गोड आहेत," डॉक्टर म्हणाले. "बाकी अठरा खाऱ्या."

मागून कुणीतरी हसलं आणि ते हसू रांगांतून पुढे आलं. दोन वर्षं प्रत्येक जण शेजाऱ्याच्या विहिरीकडे हेव्याने बघत होता आणि शेजारी त्याच्या. क्लेमेंटीनला इतकं हलकं वाटलं की तिने मुद्दाम समोरच्या खुर्चीची पाठ धरून ठेवली.

डॉक्टर मग मुद्द्याचं बोलायला लागले. खाऱ्या पाण्यावर गोडं पाणी दुधावरच्या सायीसारखं तरंगतं. इंजिन दिवसभर ओढतं, साय संपते आणि खालचं वर येतं. रोज दोनच तास आणि पाळीपाळीने उपसा केला, तर दोन-तीन पावसाळ्यांत बहुतेक विहिरी सुधारतील, नऊ नंबरचीसुद्धा. फक्त पाळ्या लावायच्या तर कुणाची विहीर कुणाला लागून आहे ते कळायला हवं. नंबरांवरून ते कळत नाही.

पुन्हा सगळे पंख्याकडे बघायला लागले. क्लेमेंटीनला उठावंसं वाटत होतं. पण विहीर मार्सेलच्या वडिलांनी खणलेली, मार्सेल शेजारीच बसलेला असताना तिने बोलणं तिला प्रशस्त वाटेना. तेवढ्यात तिच्या शेजारची खुर्ची करकरली.

"नऊ नंबर माझी," मार्सेल उभा राहून म्हणाला. "चर्चच्या मागची. माझं इंजिन दिवसभर चालतं. बंद कधी करू तेवढं सांगा."

त्याच्या वाडीच्या दोन्ही बाजूंचे शेजारी उठले आणि आपापले नंबर बोलले. मग खुद्द अध्यक्षांनी घसा साफ करून आपला नंबर सांगितला, तेव्हा उरलेल्यांना लपायला जागाच राहिली नाही. माणसं फळ्याभोवती जमली आणि आपल्या बांधांच्या रेघा आपणच काढायला लागली.

क्लेमेंटीनने पदराने डोळे पुसले, लपवून नाही, सरळ पुसले. मार्सेल घामेजलेला परत येऊन बसला.

"उद्या तुळिंजला माझ्याबरोबर चल," तो हळूच म्हणाला. "मला एकट्याला 'नाही' म्हणता येत नाही."