पावण्यांचा संडास

आमच्या परसात टाईल बसवलेला संडास हाय. निळं दार, आत साबणसुदिक. पण दाराला कुलूप, अन् चावी आमच्या धन्यांच्या करदोड्याला. त्यांचं म्हणणं एकच, "घरातली सगळी रोज गेली तर खड्डा भरंल. पावण्यांपुढं अब्रू जायला नको." म्हंजी ह्यांची अब्रू जपायला आमी बायांनी उजाडायच्या आत ऊस गाठायचा. जळली मेली ती अब्रू!

माझा जलम गेला तसाच. पण सून तेजस्विनी पोटुशी राहिली अन् माझा जीव टांगणीला लागला. पोरगी दिवसभर पाण्याचा घोट घेईना. पाणी प्यालं की जावं लागतंय, अन् दिवसाढवळ्या जायचं कुठं? मंचरच्या डॉक्टरीणबाई म्हणल्या, "लघवीत जंतू झालेत. भरपूर पाणी प्यायला लावा, न्हाईतर बाळाला धोका हाय."

घरी येऊन धन्यांना सांगितलं. म्हणाले, "माझ्या आईची आठ बाळंतपणं झाली, तिला कुठं व्हता संडास?" आठातली जगली किती, ते न्हाई सांगितलं.

परवा व्याही आले, तेजस्विनीचे वडील दादाभाऊ. चहा झाला अन् ते जरा चुळबुळ करायला लागले. धन्यांनी लगेच चावी सोडली, ऐटीत कुलूप काढलं. "या व्याही, अगदी शहरातल्यासारखा हाय!"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. बापाला दार उघडं, अन् त्याच्याच लेकीला कुलूप! मी धन्यांच्या हातातलं कुलूप हिसकून कनवटीला खोचलं अन् चौकट अडवून उभी राहिले.

"थांबा व्याही. आधी तुमची लेक जाईल. सकाळपास्नं दाबून बसलीया."

दादाभाऊंचा चेहराच उतरला. "मग ती रोज जाती कुठं?"

"उसात. बिबट्याच्या शेजारी."

"साळू! पावण्यांपुढं लाज काढतीस माझी?" धनी कडाडले.

"व्हय, काढते! नातवंडापरीस तुमचा खड्डा मोठा झाला व्हय? भरला तर मी उपसीन. जा गं तेजू, आत जा."

तेजू गेली. धनी खाली मान घालून उभे.

ती हात धुऊन बाहेर आली. ओट्यावरचा तांब्या उचलला अन् बापासमोर, सासऱ्यासमोर गटागटा रिकामा केला.

"आत्या, अजून हाय का पाणी?"



"हाय की, बाय! हंडा भरून हाय. पी, लागंल तेवढं पी."