पायरीवरची राणी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी राणी आहे. हातभर उंच, तांबूस काळी, नाकाच्या शेंड्याला थोडी झिजलेली. बेंगळुरात गवीपुरातल्या एका शाळेच्या कपाटात मी उभी असते. माझ्या एका बाजूला पृथ्वीचा गोल आहे, दुसऱ्या बाजूला खडूंची पेटी. काचेवर धूळ बसली की बाहेरची मुले मला धुक्यातून चालल्यासारखी दिसतात. मला त्याचे फारसे काही वाटत नाही. लाकडाला उशिराने वाटते, आणि वाटले तरी चेहरा तोच राहतो.

मी रक्तचंदनाची. एकाच ओंडक्यातून आम्ही दोघे निघालो, एक राजा आणि एक मी. कौशल्या नावाच्या मुलीच्या वडिलांनी चिकपेटेतल्या दुकानातून आम्हाला घेतले आणि लग्नात तिच्याबरोबर सासरी पाठवले. या गावची तशी रीतच आहे. राजाराणीची जोडी नवरीबरोबर जाते, दर नवरात्रात नवी वस्त्रे लेवून बाहुल्यांच्या मांडणीत सर्वांत वरच्या पायरीवर बसते. खालच्या पायऱ्यांवर मग सगळा संसार: वाणी, वाणीण, हत्ती, शिपाई, मातीचे बँडवाले. कौशल्याचे सासर मराठी. पण कित्येक पिढ्या या मातीत काढल्यावर तेही बाहुल्यांना 'बोंबे'च म्हणत आणि हौसेने मांडत.

मी थोडेच दसरे पाहिले. मग कौशल्याचे यजमान, मालोजीराव, तापाने गेले. त्या वर्षी नवरात्र आले तेव्हा थोरली जाऊ सकवारबाई दारात येऊन म्हणाली, "आता कशाला गं बोंबे, कौशल्ये? मांडशील कुणासाठी?"

कौशल्याने आम्हा दोघांना जुन्या धोतरात गुंडाळले आणि ट्रंकेत ठेवले. आत डांबरगोळ्यांचा वास होता. किती काळ गेला ते मला सांगता यायचे नाही. आत सकाळ होत नसे.

एकदा झाकण उघडले. कौशल्या म्हैसूरला जाऊन शिक्षिका होऊन आली होती. तिने मला उचलले. एकटीलाच.

"अगं, जोडी मोडतात का कुणी?" सकवारबाई ओरडली.

"ती मोडलीच आहे, अक्का," कौशल्या म्हणाली आणि मला पिशवीत घालून शाळेला निघाली.

मित्रांनो, माझे खरे आयुष्य तिथे सुरू झाले. तिच्या वर्गातली लहान मुले उभी राहिली की त्यांच्या तोंडाला कुलूप लागे. कौशल्याने मला टेबलावर बसवले, खडूच्या डबीचे सिंहासन केले आणि सांगितले, "बाईंना नका सांगू. राणीसाहेबांच्या कानात सांगा." पहिला आला परसू. त्याच्या तोंडाला शेंगदाण्याचा वास येत होता.

"राणीसाहेब, मल्लाप्पा माझी पोळी खातो. पण त्याला रागवू नका हं. तो माझा दोस्त आहे."

कौशल्या जवळच उभी असायची, तिला सगळे ऐकू जायचे. तिला आजीकडून जात्यावरच्या ओव्यांची चाल मिळाली होती. तिने लगेच टाळी धरली:

परसूच्या डब्यात गं, गूळपोळी गोड गोड
मल्लाप्पा म्हणे तिला, अर्धी तरी मला सोड

सगळा वर्ग म्हणू लागला. मल्लाप्पा सगळ्यात मोठ्याने म्हणत होता. त्यानंतर रोज दरबार भरू लागला. तक्रारींच्या ओव्या झाल्या, ओव्यांतून अक्षरे झाली, बेरजासुद्धा ओवीत बसल्या. मुख्याध्यापक हणमंतराव धावत आले. "बाई, हा वर्ग आहे की संतेचा बाजार?" पण मुले घरी गेल्यावर ते परत आले, इकडेतिकडे पाहिले आणि माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, "इन्स्पेक्टर येणार आहेत. मला फार भीती वाटतेय."

माझे कौतुक होऊ लागले. दुसऱ्या शाळांतल्या बाई मला पाहायला येत. संध्याकाळी मात्र कौशल्या मला पिशवीत घालून घरी न्यायची आणि दिवा लावून नुसती बसायची. तिचा सगळा आवाज शाळेतच सांडलेला असे. घरी भाताचे भांडे आपटले तरच काय तो आवाज व्हायचा.

मग तिने मूल दत्तक घ्यायचे ठरवले. बाईमाणसाला एकटीने, तेही मुलगी, दत्तक घेता येईल असा कायदा नुकता झाला होता.

"दिवसभर दुसऱ्यांची पोरं सांभाळतेस," सकवारबाई म्हणाली, "त्यात आणखी एक दुसऱ्याचंच कशाला?"

"ती घंटा झाली की घरी जातात, अक्का."

मालन आली ती पाच वर्षांची असेल. तिची आई निपाणीकडची, इथे गिरणीत कामाला आलेली. ती आजारात गेली आणि मुलगी अनाथाश्रमात पोचली. आश्रमाच्या अम्मा तिला घेऊन आल्या. उंच बाई, हातात छत्री, बोलणे रोखठोक.

"दसऱ्यापर्यंत ठेवते, कौशल्याबाई. रुळली तर कोर्टाचं करून टाकू. नाही रुळली तर म्हैसूरचं एक जोडपं विचारतंय. तिथं आईबाप दोन्ही मिळतील तिला. मला मुलीचं पाहायचंय, तुमचं नाही. सरी? पटतं ना?"

"सरी," कौशल्या म्हणाली.

मालन बोलत नसे. मुकी नव्हती, अम्मांनी तसे सांगितले होते. पण बोलत नसे. जेव म्हटले की जेवायची, ये म्हटले की यायची. खिडकीपाशी बस म्हटले तर खिडकीपाशी, ऊठ म्हटले की उठायची. रडायचीही नाही. कौशल्याने शाळेतली सगळी विद्या घरी आणली. रंगीत कागदांचे पक्षी केले, चिंचोक्यांच्या रांगोळ्या काढल्या, काडेपेट्यांची आगगाडी केली. आणि रोज संध्याकाळी मला मालनच्या मांडीवर ठेवून ती म्हणायची, "राणीसाहेबांना सांग. आज काय सांगायचंय?"

मालन माझ्याकडे पाहायची. मी तिच्याकडे पाहायची. तिचे हात गार असत. त्या घरात आम्ही तिघी होतो, आणि तिघीही लाकडाच्या.

तांदूळ निवडताना एकदा कौशल्या स्वतःशीच गुणगुणली:

आली चिमणी वळचणी, दाणा टिपते मुकाट
किती बोलावू मी तिला, माझी बोलीच फुकाट

मालनने ऐकले की नाही, कोण जाणे. ती निवडलेले खडे एका रांगेत लावत होती.

नवरात्र आले. गल्लीत संध्याकाळी पोरांच्या झुंडी दारोदार फिरू लागल्या. "बोंबे कूरिसिद्दीरा?" म्हणजे बाहुल्या मांडल्यात का, असे विचारायचे, एखादे गाणे म्हणायचे आणि हातावर खाऊ घेऊन पुढच्या दारी पळायचे. आमच्या दाराशी आली की सकवारबाई पलीकडच्या घरातून हाक मारी, "तिथं नाही रे, इकडं या!" मालन दाराआडून सगळे पाहायची.

विजयादशमीला सकाळी अम्मा यायच्या होत्या. आदल्या संध्याकाळी कौशल्याने जी चूक केली, ती एखादी चांगली शिक्षिकाच करू शकते. तिने मालनची तयारी करून घेतली. इन्स्पेक्टर यायच्या आधी वर्गाची घेतात तशी.

"उद्या अम्मा आल्या ना, की राणीसाहेबांना मांडीवर घ्यायचं. कानात म्हणायचं, मला इथं राहायचंय. एवढंच. म्हण बघू एकदा. मला इथं..."

मालन उठली. तिने मला दोन्ही हातांनी उचलले. मला वाटले, आता बोलणार. ती मला घेऊन सरळ दाराबाहेर गेली, बाहेरच्या दगडी पायरीवर मला ठेवले, आत गेली आणि दार लोटून घेतले.

मित्रांनो, इतक्या वर्षांत मला कुणी दाराबाहेर ठेवले नव्हते. माझ्या पायावर मुंग्या चढत होत्या. आतून कौशल्याचा थकलेला आवाज आला.

"तिला का बाहेर ठेवलंस गं?"

"तिला नाही सांगायचं."

हा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. घोगरा होता, खूप दिवस बंद राहिलेल्या कडीसारखा.

"मग कुणाला सांगायचंय?"

"तुला. सार तिखट असतं. जीभ भाजते."

"रोज?"

"रोज."

"मग इतके दिवस खाल्लंस कशाला?"

"तू वाढलंस म्हणून."

"अगं, मला सांगायचंस ना!"

"तू म्हणायचीस राणीला सांग."

मी इतका काळ मालनच्या मांडीवर बसत होते, पण माझ्यामुळेच ती गप्प होती, हे मला त्या पायरीवर कळले. शाळेत जी मुले बाईंना घाबरत, त्यांना माझा आडोसा हवा होता. या मुलीला आडोसा नको होता.

तेवढ्यात पोरांची झुंड आली. परसू पुढे. मला पाहून थबकला.

"अरे, बाईंनी बोंबे मांडलीय! एकच! आणि बाहेरच!" मग सगळी ओरडली, "बाई, बोंबे कूरिसिद्दीरा?"

दार उघडले. कौशल्या पोरांकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे. "होय," ती म्हणाली, "मालनने मांडलीय." आणि मालनने आतून गूळखोबरे आणून एकेकाच्या हातावर ठेवले. पलीकडून सकवारबाई पाहत होती. त्या दिवशी तिने पोरांना हाक मारली नाही.

सकाळी अम्मा आल्या. मी फडताळात होते. मालनला कोणी काही पढवले नव्हते. अम्मांनी छत्री भिंतीला टेकवली आणि विचारले, "काय मालन, इल्ली इरतीया? राहणार ना इथं?"

मालन खाली पाहत राहिली.

"कौशल्याबाई, ही अजून तशीच आहे. तुम्ही एवढी शाळा गाजवता, पण..."

कौशल्याचे ओठ हलले. मला वाटले, ती मालनला खूण करणार, शब्द पुढे सरकवणार. तिने केले नाही. "तुमच्यासमोर बोललीच पाहिजे असं नाही, अम्मा," ती म्हणाली. "मीच तिला बोलू देत नव्हते. तुम्हाला न्यायचीच असेल तर न्या. पण तिला सार तिखट चालत नाही, एवढं त्या लोकांना सांगा." तिचा आवाज अगदी सपाट होता. हात मात्र पदराच्या टोकाला पीळ घालत होते.

अम्मा काही म्हणणार, तोच मालन कौशल्याच्या निऱ्या ओढू लागली. ती लाडाची ओढ नव्हती, खरोखरीची घाई होती.

"आई, शू."

अम्मा मोठ्याने हसल्या. "जा, जा, आधी तिला परसात घेऊन जा. कोर्टाचं नंतर बोलू."

त्या दोघी मागच्या दाराने गेल्या. फडताळातून मला परसातली भिंत दिसत होती. मालन आडोशाला बसली होती आणि कौशल्या भिंतीला हात टेकून उभी होती. मालनचे झाल्यावरही कौशल्या बराच वेळ तशीच उभी राहिली.

मालन घरी राहिली, आणि मी शाळेतच मुक्कामाला आले. दरबार भरत राहिला, पण घंटा झाली की कौशल्या थांबत नसे. "बाई, हल्ली तुमचं लक्ष घराकडे," हणमंतराव म्हणायचे. "होय सर," ती म्हणायची आणि चपला घालायची. नव्या ओव्या पूर्वीइतक्या होत नव्हत्या. ती घरी जाताना थोडा आवाज शिल्लक घेऊन जायची. पुढे तिची बदली झाली. नव्या बाईंनी नवे तक्ते आणले, मी कपाटात गेले.

मित्रांनो, कधी वाटले तर माझ्यावरची धूळ पुसा, वाळवी लागू देऊ नका. पण तुमच्या वर्गात, घरात, शेजारी एखादे मूल गप्प बसलेले दिसले, तर त्याच्यासाठी मला काढायची घाई करू नका. कपाट बंदच राहू द्या. तुम्ही जा, त्याच्याजवळ बसा, आणि त्याने पहिल्यांदा तोंड उघडून तक्रार केली, तर ती नीट ऐकून घ्या.