ओढ्याची जागा

विश्रांतवाडीच्या पुढे जिथे जयसिंगची ज्वारी डुलायची, तिथे आता सहा इमारती उभ्या होत्या. जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या फ्लॅटमध्ये तो, बायको प्रेमला आणि इंजिनीअर झालेली मुलगी ऋतिका राहत. सगळं गाव त्याला अप्पा म्हणायचं. सोसायटीत मात्र तो नुसता बी-दोनशे तीन.

रविवारी सभा होती. मागच्या सखल पट्ट्यात भराव घालून पार्किंग करायचं ठरत होतं. जयसिंग उठला.

"तितं काय बांधू नका. तितनं वढा जातो. माझं रान हाय ते, मला ठावं हाय."

सेक्रेटरी आनंद शांतपणे म्हणाला, "तुमचं होतं, काका. आता सोसायटीचं आहे. आणि नकाशात ओढा कुठेच नाही."

मागे कुणीतरी हसलं. जयसिंगची कानशिलं तापली. त्या ओढ्याने एका रात्रीत आपली म्हैस कशी वाहून नेली, हे त्याला सांगायचं होतं. तोंडातून निघालं भलतंच.

"नकाशा काढनाऱ्याच्या बापानं बघितला व्हता का वढा? माझ्याच जागंत बसून मला शिकवता व्हय?"

"धमकी द्यायची असेल तर सभा इथेच थांबवू."

"धमकी कुनी दिली?" तो ओरडला, आणि तेही धमकीसारखंच ऐकू आलं हे लक्षात येऊन आणखीच चिडला.

तेवढ्यात ऋतिका उभी राहिली. मोबाइलवर जुना उपग्रहाचा फोटो दाखवत म्हणाली, "ही नॅचरल ड्रेनेज लाइन आहे. बिल्डरने पाणी काढायला टाकलेला पाइप आधीच बुजलाय. ही लाइनही ब्लॉक केली तर पाणी बेसमेंटमध्ये येईल. आपल्या सगळ्यांच्या गाड्या तिथेच असतात."

फोटो हातोहात फिरला.

"हे लॉजिकल आहे," आनंद म्हणाला. "पार्किंग रद्द. उलट तिथला बुजलेला पाइप मोकळा करून घेऊ. असं नीट सांगितलं की कळतं माणसाला."

जिन्यात जयसिंगने पोरीला अडवलं. "मी काय येगळं सांगितलं गं?"

"अप्पा, तुम्ही ओढ्याचं कुठे सांगत होता? तुम्ही कोण आहात तेच सांगत होता."

"मग कोन हाय मी?"

ऋतिका पुढच्या पायऱ्या चढू लागली. रात्री जेवताना प्रेमला दोनदा भाकरी वाढायला आली, जयसिंगने दोन्ही वेळा ताटावर हात आडवा धरला.

सोमवारी सकाळी मजूर आले, आनंद त्यांच्यापाशी उभा होता. दोन खड्डे झाले तरी पाइप सापडेना. ऋतिका कामावर गेली होती. जयसिंग गॅलरीतून बघत होता. ते खणत होते तिथून पाइप वीस पावलं लांब होता; बिल्डरने तो टाकला तेव्हा जयसिंग तिथेच उभा होता. बोलावतील म्हणून त्याने वाट पाहिली. कुणी वर बघितलंसुद्धा नाही.

"एवढा कसला ताठा?" प्रेमला मागून म्हणाली. "जावा की खाली."

तिसरा खड्डा सुरू झाल्यावर त्याला राहवेना. तो खाली उतरला, कुंपणाजवळ गेला आणि टाचेने मातीत रेघ ओढली.

"हितं खना."

मजुराने पहार उचलली, पण आनंदने त्याला हातानेच थांबवलं आणि फोन लावला.

"ऋतिका, काका म्हणतायत कुंपणाजवळ आहे. तिथेच आहे ना? हं. ओके. ओके." मग मजुराकडे वळून, "चला, खणा."

जयसिंग तिथे थांबला नाही. पहार पाइपावर खणकन आदळली, तेव्हा तो जिना चढत होता. खालून आनंदने "सापडला!" म्हणून हाक दिली. ती कुणासाठी होती, हे बघायला तो वळला नाही.